कुकरच्या तीन शिट्ट्या

वाचकाचं पत्र (थोडं संक्षिप्त करून)

"मावशी, सलाम. मी चिंचवडला एका खासगी रुग्णालयात स्टाफ नर्स आहे. माहेर श्रीरामपूरकडचं. मिस्टर कंपनीत, त्यांनाही शिफ्ट. मुलगी नऊ वर्षांची, मुलगा सहाचा. गेल्या पावसाळ्यात सासूबाई प्रभूघरी गेल्या. घरातलं जेवण आणि रात्री आठची कुटुंब-प्रार्थना ही दोन्ही त्यांच्याच जिवावर चालत होती, हे त्या गेल्यावर कळलं. आता आठवड्यातून तीन-चार दिवस बाहेरून मागवतो, नाहीतर नूडल्स. प्रार्थना तर बंदच पडली. मागच्या महिन्यात आमच्या चर्चमधल्या मंडळीच्या प्रीतिभोजनाला मी विकतचा पुलाव नेला. एक बाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, 'आईंबरोबर त्या घरची चूलही गेली म्हणायची.' त्या दिवसापासून उपासनेला जायचंही जिवावर येतं. ड्यूटीवरून आल्यावर प्रार्थनेला बसले की डोळा लागतो. देव माझ्यावर नाराज असेल का? आधी स्वयंपाक सुरू करू की प्रार्थना? मला फारसं काही करता येत नाही, सोपं सांगा. आईंचं बायबल अजून फ्रिजवरच आहे. मी उघडलेलं नाही. – थकलेली मार्था"

प्रिय मार्था,

सलाम. तुझं पत्र दोनदा वाचलं, मग गॅस बंद करून तिसऱ्यांदा वाचलं. तू मला मावशी म्हटलंस, म्हणून मीही तुला अगंतुगं करते.

आधी त्या प्रश्नाचं उत्तर देते, जो तू मध्येच घाईघाईने लिहून पुढे गेलीस. प्रार्थनेत डोळा लागतो म्हणून देव नाराज होतो का? बायबलातलं पहिले राजे हे पुस्तक, एकोणिसावा अध्याय काढ. एलीया एक दिवसाची वाट चालून रानात जातो, रतामाच्या झुडपाखाली बसतो आणि म्हणतो, आता पुरे झालं, माझा प्राण घे. हा तोच एलीया, ज्याच्या प्रार्थनेने आदल्याच अध्यायात कर्मेल डोंगरावर अग्नी उतरला होता. एवढा मोठा संदेष्टा मरण मागत बसलाय आणि देव त्याला एका शब्दाने बोलत नाही. त्याला झोपू देतो. मग दूत येऊन हात लावून उठवतो, ऊठ, खा. उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं. एलीया खातो, पाणी पितो आणि पुन्हा आडवा होतो. हे 'पुन्हा आडवा होतो' मला फार जवळचं वाटतं. दूत दुसऱ्यांदा येतो तेव्हासुद्धा 'किती झोपशील' म्हणत नाही. पुन्हा जेवायलाच उठवतो, कारण पुढची वाट लांबची आहे. देवाची मंद वाणी त्याला होरेब डोंगरावर ऐकू येते, चाळीस दिवसांनी. त्याआधी दोन झोपा आणि दोन जेवणं झालेली असतात.

तू रात्रभर वॉर्डात दुसऱ्यांच्या उशाशी पाण्याचं भांडं ठेवतेस. दूताने केलं तेच काम करून तू घरी येतेस. अशा बाईची मान प्रार्थनेत कलंडली तर देव तिच्याकडे कोणत्या नजरेने बघत असेल? १२७ वं स्तोत्र म्हणतं की तो आपल्या प्रियजनांना झोपेतही देतो. मी या वचनावर मनापासून विश्वास ठेवते. तू पण ठेव.

माझ्या घरची एक गोष्ट सांगते. बऱ्याच वर्षांपूर्वी आमच्या ह्यांचं हृदयाचं मोठं ऑपरेशन झालं. ते घरी आले आणि माझी प्रार्थना थांबली. मी रोज प्रार्थना घेणारी, दुसऱ्यांच्या घरी जाऊन धीर देणारी बाई, पण तोंडातून शब्द फुटेना. बायबल उघडलं की अक्षरं नुसती दिसायची. आमच्या मंडळीतली एक बाई, परिस्थितीने बेताचीच, रोज संध्याकाळी स्टीलचा दोनताळी डबा घेऊन यायची. वरच्या ताळात लसणाची फोडणी दिलेलं वरण, खालच्या ताळात मऊ भात. डबा ओट्यावर ठेवायची, कालचा रिकामा उचलायची आणि निघायची. एकही वचन तिने मला सांगितलं नाही. बहुधा पंधरा दिवस झाले असतील, एका संध्याकाळी मी झाकण काढलं, वाफ तोंडावर आली आणि माझ्या तोंडून निघालं, "प्रभू, हे अजून गरम आहे." तेवढंच. पण कितीतरी दिवसांनी मी त्याच्याशी बोलले होते.

म्हणून 'आधी स्वयंपाक की आधी प्रार्थना' या प्रश्नाला माझं उत्तर असं की दोन्ही एकाच ओट्यावर, एकाच वेळी सुरू कर. वेगळी वेळ काढायला जाशील तर ती मिळणार नाही आणि मिळाली नाही म्हणून पुन्हा स्वतःलाच दोष देशील. सासूबाईंची आठची प्रार्थना जशीच्या तशी परत आणायचा नादही सोड. त्यांची वेळ त्यांच्या दिवसाला शोभणारी होती. तुझा दिवस कधी सकाळी सहाला सुरू होतो, कधी रात्री नऊला.

आता त्या प्रीतिभोजनाबद्दल. त्या बाईचं बोलणं लागणारंच होतं, ते मी नाकारत नाही. एखादीच्या घरातलं माणूस जाऊन वर्षही झालेलं नसताना असं बोलू नये. त्यांना उत्तर द्यायला जाऊ नकोस, पण त्यांच्यापायी उपासना बुडवूही नकोस. योहानाच्या शुभवर्तमानातल्या सहाव्या अध्यायातला तो मुलगा आठव, पाच जवाच्या भाकरी आणि दोन मासे घेऊन आलेला. त्या भाकरी कोणी भाजल्या, त्याच्या आईने की बाजारातून आणल्या, हे शास्त्रात कुठेच लिहिलेलं नाही. प्रभूने विचारलंच नाही. आमच्या गावाकडे उपकारस्तुतीच्या सणाला लोक शेतातलं, घरातलं आणून देवळात ठेवायचे आणि उपासनेनंतर लिलाव व्हायचा. कोणी धान्याचं पोतं आणायचं, कोणी कोंबडी. एक आजी दर वर्षी मेथीची एकच जुडी आणायची आणि त्या जुडीवर बोली अशी चढायची की पोत्यावाले बघत राहायचे. पुढच्या प्रीतिभोजनाला तू दोन किलो काकडीची कोशिंबीर ने. काकडी चोचवून ने, दही आणि दाण्याचं कूट तिथेच घाल म्हणजे पाणी सुटणार नाही. त्याही दिवशी ड्यूटी असली तर विकतचा पाव ने आणि ताठ मानेने मेजावर ठेव.

आणि तू स्वतःला मार्था म्हणतेस, तर मार्थेची सगळी गोष्ट वाच. आपल्याकडे लूकचा दहावा अध्याय वाचून बायका थांबतात आणि उगाच स्वयंपाकघराला नावं ठेवतात. तिथे मार्था पाहुणचारात गुंतलेली आणि बहीण मरीया प्रभूच्या पायाशी ऐकत बसलेली, म्हणून मार्था तक्रार करते. पण प्रभूने तिच्या स्वयंपाकाला दोष दिलेला नाही. काळजी आणि दगदग, हे दोन शब्द त्याने उचलले. पुढे योहानात, भाऊ मेल्यावर, हीच मार्था गावाबाहेर जाऊन प्रभूला गाठते आणि तू देवाचा पुत्र ख्रिस्त आहेस, अशी कबुली देते. शिष्य पेत्राने दिली होती तशीच कबुली, आणि ती देणारी बाई रांधणारी होती. मग बाराव्या अध्यायात, वल्हांडण या यहुदी सणाच्या सहा दिवस आधी, बेथानीत जेवण आहे. प्रभूने मेलेल्यातून उठवलेला तिचा भाऊ लाजर पंगतीला बसलाय, आणि मार्था? मार्था वाढतेय. काम तेच, घरही बहुधा तेच, पण या वेळी तिला कोणी काही म्हणत नाही. मला वाटतं तिच्या हातातलं भांडं तसंच राहिलं, दगदग तेवढी गेली.

चल, आता ओट्याकडे ये.

तुला फक्त एक पदार्थ पक्का करायचाय, मुगाच्या डाळीची खिचडी. हसू नकोस, घर उभं करायला ती पुरेशी आहे. चौघांसाठी दीड वाटी तांदूळ आणि एक वाटी सालीची मूगडाळ. दोन्ही एकत्र तीन पाण्यांनी धू आणि हाताशी वेळ असला तर पंधरा मिनिटं भिजू दे, नसला तर राहू दे. कुकरमध्येच दोन मोठे चमचे तेल तापव. मोहरी तडतडली की जिरं, हिंग, ठेचलेल्या सात-आठ लसूण पाकळ्या. लसणाच्या कडा तांबूस दिसल्या की उभा चिरलेला एक कांदा. कांदा मऊ पडला की हळद आणि तुमच्याकडचा काळा मसाला एक चमचा. मसाला करपू देऊ नकोस, लगेच डाळ-तांदूळ घालून दोन मिनिटं परत. मीठ घाल. मग आधण आलेलं पाणी, सात वाट्या. पाणी गरमच घाल, गार घातलंस तर खिचडी चिकट होते आणि वेळही लागतो. झाकण लाव, मध्यम आचेवर तीन शिट्ट्या, मग गॅस बंद आणि वाफ आपोआप जिरेपर्यंत कुकरला हात लावायचा नाही. घाई करून शिट्टी उचललीस तर वरचं पाणी फसफसून बाहेर येतं आणि डाळ कच्चट राहते. ही वाफ जिरायची दहा-बारा मिनिटं माझ्या दृष्टीने शिट्ट्यांइतकीच महत्त्वाची.

प्रार्थना इथेच आहे. झाकण लावलं की ओट्याजवळ स्टूल घे आणि बस. पाय दुसऱ्या स्टुलावर ठेव, दिवसभर उभी असतेस. पहिली शिट्टी होईपर्यंत काहीच म्हणू नकोस, नुसती बस. तुझ्यासारख्या बाईला नुसतं बसणं हीच मोठी गोष्ट आहे. त्यानंतर एक स्तोत्र वाच, तेही लहान. १२० ते १३४ ही पंधरा स्तोत्रं वर यरुशलेमला चढत जाणाऱ्या यात्रेकरूंची, आरोहणस्तोत्रं म्हणतात ती. चालून चालून दमलेल्या लोकांनी म्हणायची म्हणूनच की काय, एक १३२ वं सोडलं तर सगळी आटोपशीर आहेत. १३१, १३३ आणि १३४ तर तीन-तीनच ओव्यांची. १३१ व्यात, आईच्या मांडीवर शांत झालेल्या लेकरासारखा माझा जीव आहे असं म्हटलंय. नाइट करून आल्यावर तेच घे. वाफ जिरत असताना मुलांना हाक मार आणि सगळे मिळून प्रभूची प्रार्थना म्हणा. झाकण उघडायच्या आधी प्रार्थना पूर्ण होते, आणि भुकेली पोरं एरवी कुठेही पळतील, कुकरजवळून हलत नाहीत.

प्रभूची प्रार्थना म्हणताना 'आमची रोजची भाकर आज आम्हाला दे' या ओळीवर जरा थांब. आपल्या मराठी बायबलात भाकर आहे, याचं मला लहानपणापासून अप्रूप आहे. माझी आई चुलीपुढे बसून भाकरी थापायची तेव्हा तिचे ओठ हलत असायचे. आम्हाला वाटायचं गाणं म्हणतेय. मोठी झाल्यावर विचारलं तर म्हणाली, एका भाकरीला एक नाव. पिठाचा गोळा मळताना दादाचं नाव, थापून तव्यावर टाकून पाणी फिरवलं की दादाची भाकरी झाली. मग पुढच्या गोळ्याला माझं, मग धाकट्याचं, मग शेजारच्या आजारी काकूचं. तिला वेगळी प्रार्थना करताना आम्ही क्वचितच पाहिलं. पण चौदा-पंधरा भाकऱ्या व्हायच्या रोज, म्हणजे तेवढी माणसं रोज देवापुढे जायची. तू भाकऱ्या थापत नसशील तर लसूण सोलताना कर. एका पाकळीला एक नाव. तुझ्या वॉर्डातले पेशंटही त्यात येऊ देत.

खिचडी हाताला बसली की दुसरं काम शनिवारचं, म्हणजे ज्या शनिवारी सुट्टी किंवा सकाळपाळी असेल त्या दिवशी. निर्गमच्या सोळाव्या अध्यायात मान्ना, म्हणजे रानात देवाने इस्राएल लोकांना दिलेलं अन्न, रोजच्या रोज गोळा करायचा होता. जास्तीचा साठवला तर त्यात किडे पडायचे. पण सहाव्या दिवशी मात्र दुप्पट गोळा करायला सांगितलं, म्हणजे सातव्या दिवशी विसावा मिळेल. मी हे वचन अगदी सरळ घेते. विसाव्याच्या दिवशी बाईला विसावा हवा असेल तर आदल्या दिवशी वाटण करून ठेवावं. पाच कांदे उभे चिरून थोड्या तेलात पार तपकिरी होईपर्यंत परत. ह्याला वीस मिनिटं लागतात, कांदा अर्धवट ठेवलास तर रस्सा गोडसर लागतो आणि वाटण टिकतही नाही. एक वाटी सुक्या खोबऱ्याचा कीस वेगळा भाज, तो पटकन जळतो. एक गड्डा लसूण, दोन बोटं आलं, मूठभर कोथिंबीर. गार झाल्यावर होईल तितक्या कमी पाण्यात वाट. बर्फाच्या ट्रेमध्ये भरून फ्रीझरला ठेव, घट्ट झाले की वड्या काढून डब्यात. दोन-तीन आठवडे काळजी नाही.

अशा चार वड्या तेलात परतल्या, काळा मसाला आणि मीठ घातलं, पाणी ओतून उकळी आणली आणि उकडलेली अंडी सोडली की रस्सा तयार. त्याच रश्श्यात बटाटा, वांगं, मटकी, काहीही. उपासनेहून आलात की वीस मिनिटांत ताटं मांडता येतील. भाकरी येत नसेल तर कोपऱ्यावरच्या ताईंकडून घे. भाकऱ्या करून पोट भरणाऱ्या बाईकडून घेण्यात कसला कमीपणा?

पिठलं तुला येत असेलच. गुठळ्या होत असतील तर एक वाटी पीठ आधी वाटीभर गार पाण्यात हाताने फेटून घे, बाकीचं दोन वाट्या पाणी फोडणीत उकळू दे आणि मग एका हाताने ओतत दुसऱ्या हाताने ढवळ. झाकून पाच मिनिटं मंद आच. आणि एक, तू श्रीरामपूरकडची, तर माहेरी येसर असणार. भाजलेलं धान्य, हरभऱ्याची डाळ आणि मसाले एकत्र दळलेलं ते पीठ. आई असेल तर आईला, नाहीतर काकूला, वहिनीला सांग, एक बरणी पाठव. लसणाच्या फोडणीत पाणी, त्यात दोन-तीन चमचे येसर कालवून सोडलं की दहा मिनिटांत आमटी. आपल्या आज्यांना धावपळीच्या दिवसांची चांगलीच कल्पना होती.

नूडल्सबद्दल मुलांना अपराधी वाटेल असं काही बोलू नकोस. आठवड्यातून एकदा होऊ दे, त्यात अंडं फोडून घाल आणि त्या ताटावरही तशीच उपकारस्तुती करा.

तुझ्या पत्रात एका गोष्टीवर मी अडखळले. जेवणही तुझं, प्रार्थनाही तुझी, आणि मिस्टर? ते वाईट आहेत असं तू कुठे लिहिलेलं नाहीस, म्हणून मोकळेपणाने सांगते. आज रात्री त्यांना योहानाचा एकविसावा अध्याय वाचून दाखव. शिष्य रात्रभर जाळी टाकून रिकाम्या हातांनी पहाटे किनाऱ्याकडे येतात. म्हणजे तीही नाइट शिफ्टच. किनाऱ्यावरून प्रभू जाळं उजवीकडे टाकायला सांगतो, एकशे त्रेपन्न मोठे मासे मिळतात, ते सगळं आपल्याला तोंडपाठ असतं. पण ते किनाऱ्याला लागतात तेव्हा कोळशाचा विस्तव आधीच पेटलेला असतो, त्यावर मासळी असते आणि भाकर असते. पुनरुत्थान झालेल्या प्रभूने, हातांवर खिळ्यांच्या खुणा असलेल्या प्रभूने, आपल्या दमलेल्या माणसांसाठी विस्तव पेटवून ठेवला होता आणि तो त्यांना न्याहारीला बोलावतो. तुझ्या मिस्टरांना एवढंच म्हण, की ज्या आठवड्यात माझी नाइट असेल, त्या आठवड्यात सकाळी मी घरी येते तेव्हा विस्तव तुम्ही पेटवलेला असू द्या. चहा आणि दोन अंडी पुरेत. मला वाटतं ते ऐकतील. बऱ्याच पुरुषांना घरात कोणी नीट सांगितलेलंच नसतं.

मुलांनाही हाताशी घे, आणि फक्त मुलीला नको. सहा वर्षांच्या मुलाला लसूण सोलता येतो, मटार सोलता येतात, ताटं मांडता येतात. तुझी नाइट असेल त्या आठवड्यात संध्याकाळची प्रार्थना त्या दोघांकडे सोपव. एक दिवस ती, एक दिवस तो. वेडंवाकडं म्हणतील, मध्येच खेळण्यातल्या गाडीसाठी प्रार्थना करतील. करू देत. आपल्या मंडळीत मोठमोठ्या प्रार्थना करणारी जी माणसं आहेत, ती बहुतेक अशाच कुठल्यातरी स्वयंपाकघरात सुरू झालीत.

लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत, भगिनी मंडळात उपासाचा विषय निघेल. नाइट ड्यूटीच्या आठवड्यात उपास धरायचा नाही, हे मी तुला आताच सांगून ठेवते. रात्री दोन वाजता सलाइन लावणाऱ्या हाताला चक्कर येऊन चालत नाही.

केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये कधी गेली नसशील तर मुलांना घेऊन जा. चिंचवडहून एका दिवसात जाऊन येता येतं, दौंडच्या अलीकडे आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, निराधार अशा शेकडो मुली त्यांनी आणल्या. या मुलींना आधी ताट मिळालं, मग पाटी. आणि त्याच आवारात रमाबाई मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचं मराठी भाषांतर करत होत्या. १९२२ मध्ये त्या प्रभूघरी गेल्या, त्याआधी ते काम त्यांनी पुरं केलं होतं. एकीकडे रोज शेकडो ताटं मांडली जात होती आणि दुसरीकडे वचनाचा एकेक शब्द पारखला जात होता. तिथे उभं राहिलं की मला ही दोन्ही कामं वेगळी करताच येत नाहीत.

आता फ्रिजवरचं बायबल. ते न उघडण्याचं कारण तू लिहिलं नाहीस, पण मला ते कळतं. त्यात त्यांचं अक्षर असेल, कुठे खूण केलेली, कुठे मुलांच्या जन्मतारखा, एखाद्या जुन्या मंडळीच्या पत्रिकेची घडी. ते उघडलं की त्या गेल्या हे पुन्हा एकदा खरं होतं. म्हणून इतके महिने तू ते नुसतं पुसून ठेवत असशील. ठीक आहे. दुःखाला कोणी मुदत घालू नये.

पण एखाद्या दिवशी खिचडी लावलीस, पहिली शिट्टी झाली आणि मनाला उभारी वाटली, तर ते खाली काढ. तू काही शोधू नकोस, ते कण्यावर उभं धर आणि सोडून दे. वर्षानुवर्षं हाताळलेलं बायबल आपोआप एका जागी उघडतं, तुझ्या सासूबाई जिथे वारंवार जात होत्या तिथे. स्वयंपाक करता करता वाचणारी बाई होती ती, त्या पानावर तेलाचा डाग किंवा हळदीचं बोट नक्की असेल. त्या दिवशीचं स्तोत्र बाजूला ठेव आणि तेच पान मुलांना मोठ्याने वाचून दाखव. मग कोणतं पान होतं ते मला दोन ओळी लिहून कळव. मी वाट बघते.

तुझी,
मावशी